गाडी खाली घेतली, शॉकअप तेच ठेवले: एका हॅचबॅकचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी पाच दारांची छोटी हॅचबॅक. ७४ हजार किलोमीटर चाललेली, एकाच हातातली, नीट सांभाळलेली. मालक तिशीच्या आतला, गाडीवर मनापासून जीव असलेला. चाकं आणि मडगार्ड यांच्यामधली ती मोठी फट त्याला खुपत होती. ४० मिलिमीटर खाली घेणाऱ्या चार नव्या स्प्रिंगा तो सोबत घेऊनच आला होता.

"दादा, नुसत्या स्प्रिंगा बदलून द्या. शॉकअप चांगले आहेत, तेल कुठेच गळत नाहीये."

हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो: गाडी लो करायची तर शॉकअप आणि स्ट्रट बदलावेच लागतात का? हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर दिलं की माणूस खूश होतो, पण ते उत्तर बहुतेक वेळा अर्धवट असतं. या गाडीवर मी एका शब्दात उत्तर दिलं होतं आणि ते चुकलं, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे.

आधी गाडीची रचना. पुढे मॅकफर्सन स्ट्रट. १९५० च्या सुमाराला फोर्डच्या युरोपातल्या गाड्यांमधून ही रचना रूढ झाली आणि आज बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे तीच असते. यात शॉकअप, स्प्रिंग आणि वरचं माउंट मिळून एकच खांब तयार होतो. चाक सरळ उभं ठेवण्याचं कामही हाच खांब करतो. मागे ट्विस्ट बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा आडवा तुळईसारखा भाग. तिथे स्प्रिंग वेगळी बसते आणि शॉकअप वेगळा. पुढे घेतलेल्या निर्णयांत या फरकाला फार महत्त्व आहे.

स्प्रिंग गाडीचं वजन तोलते आणि उंची ठरवते. शॉकअप वजन तोलत नाही. स्प्रिंग दबून उसळायला लागली की ती उसळी जिरवणं एवढंच त्याचं काम. त्यामुळे "उंची स्प्रिंगने ठरते, मग शॉकअपला हात कशाला लावायचा?" हे मालकाचं म्हणणं वरवर अगदी बरोबर होतं.

पहिला निर्णय

मी काय तपासलं? चारही कोपरे हाताने दाबून सोडले. गाडी एकदा वर आली आणि थांबली. शॉकअपच्या अंगावर तेल नव्हतं. "चालेल," म्हणालो.

दाबून पाहण्याची ही रीत सगळीकडे आहे आणि तिच्यावर जरुरीपेक्षा जास्त भरवसा ठेवला जातो. शॉकअप पूर्ण मेलेला असेल तर ती सांगते. अर्धा गेलेला असेल तर काहीच सांगत नाही, कारण बुश (जोडांमधले रबरी भाग) आणि सांध्यांमधलं घर्षणही गाडीला थांबवत असतं.

पुढचे स्ट्रट उतरवले, जुनी स्प्रिंग कंप्रेसरने आवळून काढली आणि नवी बसवायला घेतली. इथे एक गोष्ट डोळ्यांसमोर घडली आणि मी ती सोडून दिली. जुनी स्प्रिंग स्ट्रटमध्ये बसताना सुमारे ७० मिलिमीटर दाबलेली असायची. नवी ठेवली तेव्हा कंप्रेसरची गरजच पडली नाही. वरची बशी हाताने दाबली आणि नट लागला. जेमतेम ३ मिलिमीटरचा दाब उरला होता. तेव्हा मला ते काम सोपं झाल्यासारखं वाटलं. खरं तर त्या क्षणी हातातलं काम थांबवायला हवं होतं. चाक पूर्ण लटकल्यावर स्प्रिंग सैल होण्यापासून ३ मिलिमीटर दूर आहे, आणि हा शॉकअप या स्प्रिंगसाठी लांब आहे, असं ती बशी सांगत होती.

स्प्रिंगसोबतच्या कागदात लिहिल्याप्रमाणे बंपस्टॉपचा, म्हणजे चाक फार वर आलं की त्याला अडवणाऱ्या, शॉकअपच्या दांडीवरच्या रबरी ठोकळ्याचा, एक वेढा, १२ मिलिमीटरचा, कापला. मागे शॉकअपचा खालचा बोल्ट काढून बीम खाली घेतला, स्प्रिंग बदलली. त्याच दिवशी अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करून गाडी दिली. दिसत होती सुंदर, यात वाद नाही.

अडचण

पाच आठवड्यांनी गाडी परत आली. मालक नाराज नव्हता, गोंधळलेला होता. एकटा असताना गाडी कडक लागते. शेजारी कुणी बसलं की प्रत्येक गतिरोधकावर पुढून "धप्" असा आवाज येतो. आणि मोठ्या रस्त्यावर वेगात असताना लांबट उंचवटा आला की पुढचा भाग एकदा डोलून थांबत नाही, दोन-अडीच वेळा डोलतो. त्याने स्वतःच निदान केलं होतं: "स्प्रिंगा फार कडक आहेत."

कडकही आणि डोलतेही, या दोन तक्रारी एकत्र आल्या की माणूस चक्रावतो. कडक स्प्रिंगची गाडी डोलू नये असं वाटतं. प्रत्यक्षात इथे दोन वेगवेगळी कारणं एकाच कोपऱ्यात बसलेली होती.

तपासणी

या वेळी मोजमाप केलं, जे आधीच करायला हवं होतं. रॉडवरची, म्हणजे शॉकअपमधून आत-बाहेर होणाऱ्या दांडीवरची, धूळ-टोपी वर सरकवली आणि बंपस्टॉपच्या खालच्या कडेपासून स्ट्रटच्या डोक्यापर्यंत रॉड किती उघडा आहे ते पाहिलं. कंपनीच्या उंचीवर, गाडी रिकामी असताना, ही जागा ३८ मिलिमीटर होती. तशाच दुसऱ्या गाडीवर मोजून खात्री केली. चाक ४० मिलिमीटर वर गेलं म्हणजे तिरक्या स्ट्रटवर साधारण ३६ मिलिमीटर गेले. कापलेल्या वेढ्याचे १२ परत मिळाले. हिशेबाने १४ उरायला हवे होते. पण स्प्रिंगा पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये आणखी ६ मिलिमीटर बसल्या होत्या. हातात उरले ८.

चालक आत बसला की पुढचा कोपरा साधारण तेवढाच खाली जातो. म्हणजे ही गाडी रोज बंपस्टॉपवर टेकूनच चालत होती. शेजारी माणूस बसला की स्टॉप दबूनच राहायचा. बंपस्टॉप म्हणजे फेसाळ रबरी दुसरी स्प्रिंगच, आणि ती जितकी दबते तितकी झपाट्याने कडक होते. मालकाला जाणवत होता तो कडकपणा स्प्रिंगचा नव्हताच.

खात्री म्हणून रॉडवर एक बारीक प्लॅस्टिकचा केबल टाय आवळून स्ट्रटच्या डोक्याला टेकवून ठेवला. चाक वर गेलं की डोकं टायला वर ढकलतं आणि टाय तिथेच राहतो. दोघं बसून नेहमीच्या रस्त्याने एक फेरी मारली. परत आल्यावर टाय बंपस्टॉपच्या खाली चेंगरून त्याला घट्ट चिकटलेला. या साधनाला काही लागत नाही आणि ते खोटं बोलत नाही.

डोलण्याचं कारण शोधायला स्ट्रट पुन्हा उतरवले, स्प्रिंग काढली आणि रॉड हाताने आत दाबून पाहिला. गॅस भरलेल्या शॉकअपचा रॉड सोडल्यावर आपोआप सावकाश बाहेर येतो. डावा आला. उजवा जिथे दाबला तिथेच राहिला, आणि दिशा बदलताना बोटभर अंतर काहीच अडवत नव्हता. गॅस गेलेला होता. बाहेर तेलाचा थेंब नाही. पहिल्या वेळी हाच स्ट्रट सुटा होऊन माझ्या टेबलावर पडलेला होता आणि मी तो फक्त डोळ्यांनी पाहिला होता.

इथे थोडं गणित सांगितलं पाहिजे, कारण "कडक स्प्रिंगला कडक शॉकअप लागतोच" हे विधान लोक फार ठासून करतात. नवी स्प्रिंग जुनीपेक्षा साधारण २७ टक्के कडक होती. उसळी जिरवायला लागणारी ताकद स्प्रिंगच्या कडकपणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. १.२७ चं वर्गमूळ १.१३. म्हणजे शॉकअपकडून १३ टक्के जास्त काम अपेक्षित. शॉकअप नवा आणि धडधाकट असता तर ही १३ टक्क्यांची तूट बऱ्याच जणांना जाणवलीही नसती. पण ७४ हजार किलोमीटर झालेल्या, आधीच ढिल्या पडलेल्या शॉकअपवर ती पडली की सगळं उघडं होतं. जुन्या मऊ स्प्रिंगसोबत तो शॉकअप कसाबसा निभावून नेत होता.

मागची बाजू वेगळी निघाली. शॉकअप सुटे करून हाताने चालवले, दोन्ही रॉड सारख्याच संथपणे बाहेर आले, कुठे मोकळी जागा नाही. लिफ्टवर चाकं लटकती ठेवून स्प्रिंग हाताने फिरवून पाहिली, फिरली नाही. तिचे वरचे दोन वेढे मुद्दाम जवळ आणि मऊ ठेवलेले होते, त्यामुळे चाक पूर्ण खाली लटकलं तरी ती बशीत धरलेली राहत होती. स्टॉपपर्यंत जागाही पुरेशी होती. फक्त डाव्या शॉकअपची धूळ-टोपी फाटलेली होती. ती नोंद मी केली आणि पुढे गेलो.

आणखी एक चूक सापडली, ती सर्वस्वी आमची. पुढच्या लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या आडव्या दांडीचे, बुश आम्ही नव्या उंचीवर ढिले करून पुन्हा आवळले नव्हते. हे बुश नुसते फिरत नाहीत. रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं आणि ते पिळलं जातं. जुन्या उंचीवर आवळलेला बुश नव्या उंचीवर कायम पिळलेला राहतो. चाकांवर वजन ठेवून बोल्ट ढिला केला तेव्हा आर्म "कट्" असा आवाज करत जागा बदलून बसला. आणखी वर्षभरात ते रबर फाटलं असतं आणि दोष खड्ड्यांवर गेला असता.

पर्याय

मालकाला समोर बसवून सगळं दाखवलं. टाय हातात दिला, दोन्ही रॉड स्वतः दाबायला लावले. माझ्या बोलण्यापेक्षा त्या दोन रॉडमधल्या फरकाने त्याला जास्त पटलं.

सगळं पूर्ववत करून कंपनीच्या स्प्रिंगा लावणं हा एक मार्ग होताच. तरी उजवा स्ट्रट मेलेला असल्यामुळे पुढची जोडी बदलावी लागणारच होती. त्याला हे नको होतं.

बंपस्टॉप आणखी कापा, असं त्याच्या एका मित्राने सुचवलं होतं. याला मी ठाम नकार दिला. स्टॉप कापून जागा मिळते, पण तो स्टॉप शॉकअपला आतून तळ लागण्यापासून वाचवत असतो. जास्त कापला की रबराऐवजी लोखंड लोखंडावर आदळतं, शॉकअपचा तळाचा व्हॉल्व्ह फुटतो, किंवा टायर मडगार्डच्या आतल्या भागाला घासतो. कागदात लिहिलंय तेवढंच कापायचं.

चारही बाजूंना कॉइलओव्हर, म्हणजे उंची कमी-जास्त करता येणारा पूर्ण संच, हा तिसरा मार्ग. चांगला संच असेल तर सगळ्यात नेटका. पण याला एकदाच उंची ठरवायची होती आणि रोज कामाला जायचं होतं. आट्यांमध्ये धूळ-पाणी जाऊन कॉलर जाम होतात, त्यांची निगा ठेवावी लागते. गरजेपेक्षा मोठं काम.

मला स्वतःला वेगळंच आवडलं असतं: २५ मिलिमीटर खाली घेणाऱ्या स्प्रिंगा आणि सोबत कंपनीच्याच मापाचे नवे स्ट्रट. २५ पर्यंत बऱ्याच गाड्यांमध्ये धडधाकट मूळ शॉकअप निभावून जातात, आणि ३० च्या पुढे गेलं की मापं घेतल्याशिवाय हो म्हणू नये असा माझा अनुभव आहे. हा नियम नव्हे, प्रत्येक गाडीत स्टॉपपर्यंतची जागा वेगळी असते. पण त्याला ४० चं रूप आवडलं होतं, आणि ते मागणं अवाजवी नव्हतं.

शेवटी ठरलं ते असं: स्प्रिंगा त्याच ठेवायच्या, पुढे कमी उंचीसाठीच बनवलेले आखूड अंगाचे स्ट्रट घालायचे, मागचे शॉकअप तसेच ठेवायचे.

मागचे ठेवण्यामागे दोन कारणं होती. ते धडधाकट होते, हे एक. दुसरं, मागे शॉकअप बदलणं म्हणजे प्रत्येक बाजूला दोन बोल्ट. स्प्रिंगला हात लावावा लागत नाही, अलाइनमेंट बिघडत नाही. नंतर बदलले तरी आधी केलेलं काम वाया जात नाही. पुढे तसं नाही; स्प्रिंगसाठी असो की शॉकअपसाठी, स्ट्रट पूर्ण उतरवावाच लागतो. म्हणून पुढे दोन्ही एकाच वेळी करण्यात शहाणपण असतं आणि मागे थांबता येतं.

काय केलं

नव्या स्ट्रटचं अंग २५ मिलिमीटर आखूड होतं आणि रॉड बाहेर येण्याची मर्यादाही २० ने कमी. या दुसऱ्या मापामुळे स्प्रिंगवरचा दाब ३ वरून २३ मिलिमीटर झाला. या वेळी वरचा नट लावायला कंप्रेसर लागला, आणि मला ते पाहून बरं वाटलं.

वरचे माउंट आणि बेअरिंग नवे घातले. उजवं बेअरिंग हातात धरून फिरवलं तेव्हा वाळू असल्यासारखं करकरत होतं. ते परत आत घालणं म्हणजे काही महिन्यांनी सगळं पुन्हा उघडणं. धूळ-टोप्या आणि बंपस्टॉप स्ट्रटसोबत आलेलेच वापरले, जुने कापलेले फेकले.

गाडी खाली उतरवून, चाकांवर वजन ठेवून, लोअर आर्म आणि मागच्या बीमचे बुश आवळले. हेडलाइटचा झोत पुन्हा लावला. काही जुन्या गाड्यांमध्ये मागच्या बीमला दांडीने जोडलेला ब्रेकचा व्हॉल्व्ह असतो, जो गाडी खाली बसली की "मागे वजन आहे" असं समजून मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. तशी गाडी असेल तर तो विसरणं धोक्याचं, ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी अडकू शकतात. या गाडीत तो नव्हता.

अलाइनमेंट मात्र त्या दिवशी फक्त कामापुरती केली आणि खरी पाच-सहाशे किलोमीटर चालवून आल्यावर. पहिल्या वेळी घाई केली होती; स्प्रिंगा बसल्यावर टो, म्हणजे वरून पाहताना चाकं किती आत-बाहेर वळलेली आहेत ते माप, पुन्हा हललेला होता आणि पुढच्या टायरांची आतली कड हाताला खरखरीत लागत होती. लो केलेल्या गाड्यांचे टायर आतून खाल्ले जातात त्याचा दोष सहसा कॅम्बरवर, म्हणजे चाकाच्या उभ्या कलावर, जातो. कॅम्बर थोडा उणे (चाकाची वरची कड आत) गेला होताच, पण टायर खाणारा खरा होता टो.

परिणाम

रिकाम्या गाडीत स्टॉपपर्यंतची जागा ३१ मिलिमीटर मोजली. त्याच रस्त्यावर टायची फेरी पुन्हा केली. चालक एकटा असताना टाय स्टॉपपासून ६ मिलिमीटर अलीकडे थांबला. दोघं असताना एका मोठ्या गतिरोधकावर टेकला, चेंगरला नाही. आवाज बंद. वेगात डोलणं बंद; पुढचा भाग एकदा खाली जाऊन वर येतो आणि थांबतो.

मालकाचं म्हणणं असं की गाडी आधीपेक्षा मऊ झाली. स्प्रिंगा त्याच होत्या आणि नवे स्ट्रट जुन्यांपेक्षा कडक होते.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्या दिवशी दहा मिनिटं द्यायला हवी होती. पट्टी घेऊन स्टॉपपर्यंतची जागा मोजायची, त्यातून खाली घ्यायचं माप वजा करायचं, चालकाच्या वजनाचे आणि स्प्रिंग बसण्याचे काही मिलिमीटर वजा करायचे. उत्तर शून्याच्या आसपास आलं तर त्या गाडीला आखूड स्ट्रट लागणारच, शॉकअप कितीही नवा असो. हा पहिला प्रश्न. शॉकअपची तब्येत हा दुसरा, आणि तो स्ट्रट सुटा असताना हाताने दाबून पाहायचा. मी दुसरा प्रश्न डोळ्यांनी सोडवला आणि पहिला विचारलाच नाही.

त्यामुळे पुढचं काम दोनदा झालं, अलाइनमेंट तीनदा. दुसऱ्या वेळची मजुरी मी घेतली नाही, कारण "चालेल" हा शब्द माझा होता.

मालकानेही स्प्रिंगा आणण्याआधी गाडी दाखवली असती तर ४० की २५ हा विचार मोकळेपणाने करता आला असता. वस्तू हातात आली की माणूस तिला धरूनच विचार करतो. मीही तेच केलं.

चौदा महिन्यांनंतर

मागचा डावा शॉकअप ओला दिसायला लागला. फाटलेल्या धूळ-टोपीचाच. उतरवून रॉड पुसला आणि नखाने वरून खाली ओढलं. वरच्या भागात बारीक खड्डे लागले, क्रोमवर गंज धरलेला. गाडी मूळ उंचीवर होती तेव्हा रॉडचा तो भाग सहसा बाहेरच असायचा, सीलपर्यंत फारसा जात नसे. गाडी खाली आल्यावर तोच खडबडीत भाग दिवसभर सीलमधून आत-बाहेर करू लागला आणि त्याने सील कापलं. उजव्या शॉकअपची टोपी शाबूत होती, त्याचा रॉड अजून आरशासारखा होता.

मागची जोडी बदलली. पाऊण तास लागला. शॉकअप ठेवण्याचा तो निर्णय मी आजही तसाच घेईन, पण फाटलेली टोपी त्याच दिवशी बदलेन आणि रॉडच्या वरच्या भागावर नख फिरवल्याशिवाय "हा धडधाकट आहे" असं म्हणणार नाही.